पुढचं चित्र कोणी पाहिलंय?

"थांबा! वर येऊ नका!"

जिन्याच्या वळणावर उभा असलेला माणूस ओरडला आणि त्याने गर्रकन भिंतीकडे तोंड फिरवलं. खालून जिना चढणाऱ्या तिच्या हातातला उघडा लॅपटॉप सटकता सटकता वाचला.

"काय झालं?"

"तुमच्या लॅपटॉपवर काय आहे ते मला दिसता कामा नये. मिटा तो आधी."

"मिटत नाही. बिजागरी तुटलीय."

"मग मी असाच उभा राहतो, तुम्ही मागून निघून जा. फक्त एक सांगा... ओझरतं दिसलं... बदक होतं का?"

"होतं."

"न्हाव्याच्या खुर्चीत?"

तिने लॅपटॉप छातीशी धरला.

"मेलो! तुमचं एक चित्र फुकट घालवलं. माफ करा हं." आणि त्याने भिंतीलाच हात जोडले.

हा नवा वक्ता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. त्याला कुणी वेळ विचारली तरी 'अंदाजे पाच' म्हणायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला 'अंदाजे' म्हणत. खरं तर तो घरोघर जाऊन मिक्सर विकायचा. ऐनवेळी मिक्सर चालू झाला नाही, की तासभर नुसत्या बोलण्यावर गिऱ्हाईक धरून ठेवायचा. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात, ते त्याच्याकडे बघून पटायचं. मॅडमनी त्याला तिथूनच उचलून आणलं होतं.

मॅडम नवा विनोदी कार्यक्रम बसवत होत्या. खेळ सोपा होता आणि भयंकरही. वक्त्याला मंचावर उभं करून एक विषय द्यायचा, समजा, 'घरच्या घरी उंट कसा पाळावा'. त्याच्या मागच्या पडद्यावर एकेक करून सात चित्रं येणार. वक्त्याने ती आधी कधीच पाहिलेली नाहीत, पण आपण या विषयातले जाणकार आहोत अशा थाटात चार मिनिटं भाषण ठोकायचं. 'पुढचं चित्र!' म्हणायचं आणि जे येईल ते निभावून न्यायचं. पाच सेकंद तोंडातून शब्द फुटला नाही, की मॅडम घंटा वाजवणार. खेळ खलास.

चित्रं निवडायचं आणि बटण दाबायचं काम तिचं. मंचाच्या बाजूला, काळ्या पडद्याआड तिचं टेबल होतं.

त्या जिन्यावरच्या भेटीनंतर अंदाजेने स्वतःसाठी एक नियम केला. तिच्याकडे बघायचंच नाही.

"लॅपटॉप नाही माझ्या हातात," ती एकदा पडद्याआडून म्हणाली. "बघितलंत तरी चालेल."

"छे! चेहऱ्यावरून कळतं हो. तुम्ही पुढचं चित्र पाहिलेलं असतं. मी चुकून तुमच्याकडे पाहिलं तर..."

"तर?"

"तर मग चित्राकडे कोण बघणार?"

ती गालातल्या गालात हसली. हसली म्हणजे ओठ हलले, इतकंच. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि आवाज करून हसणं तिला जमत नव्हतं. लोकांना हसवायचं सामान दिवसभर गोळा करायची, आणि घरी जाऊन बाबांच्या कपाटासमोर बसायची.

बाबा पुलांची तपासणी करायचे. पुलाला भेग दिसली की ते खाली उतरत, भेगेशेजारी आपला अंगठा धरत—माप कळावं म्हणून—आणि दुसऱ्या हाताने फोटो काढत. मागे तारीख आणि एकच शेरा लिहीत: 'पुन्हा पाहावे.' असे चारशे फोटो. चारशे भेगा, आणि एकच अंगठा.

"भेगांचे फोटो कोण बघणार आहे गं?" आई म्हणायची. "रद्दीवाला रविवारी येतोय. द्यायचे की ठेवायचे, एकदाचं ठरव."

तिचं ठरत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसच्या स्कॅनरवर रोज दहा-वीस फोटो उतरवून घ्यायची, आणि कुणाला सांगायची नाही.

सात आठवडे सराव चालला. ती अंदाजेला फक्त पाठीमागून बघायची. मानेवरचा उभा राहिलेला केसांचा झुपका. घाबरला की लाल होणारा डावा कान. चित्र पडद्यावर आलं की त्याचे खांदे क्षणभर वर जायचे, थांबायचे... आणि मग खाली यायचे. पुढच्या श्वासाला तो बोलत असायचा. जे क्षणापूर्वी जगात नव्हतं, ते त्याच्या तोंडून सरळ चालत यायचं. न्हाव्याच्या खुर्चीतल्या बदकाची जागा बादलीतल्या बोक्याने घेतली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "हे आमचे संस्थापक. आंघोळीला बसले आहेत, मीटिंग नंतर." दरवेळी तिचं बोट बटणावर तसंच राहायचं. डोंबारी दोरावर चढल्यावर खालची माणसं श्वास धरतात, तसा ती श्वास धरायची. पुढे काय आहे हे ठाऊक नसताना माणूस इतका सरळ उभा कसा राहतो?

मॅडम मात्र कपाळाला आठ्या घालून बसत. "लोक हसतात, उठतात आणि विसरतात. गुरुवारी चॅनेलची माणसं येतायत. त्यांना हेच दाखवलं, तर शुक्रवारी आपण सगळे घरी."

बुधवारी मॅडमनी सहावं चित्र नापास केलं. चित्र ठरेपर्यंत जागा अडवून ठेवायला ती नेहमी हाताशी असलेलं काहीतरी तिथे टाकायची, म्हणजे वेळ मोजता यायची. या दिवसांत हाताशी एकच गोष्ट होती. तिने बाबांचा एक फोटो तिथे टाकला. मग विषय बदलला, दिवे बदलले, चहा सांडला... आणि सहावं चित्र तसंच राहून गेलं.

गुरुवारी समोर चाळीस प्रेक्षक आणि पहिल्या रांगेत चॅनेलची तीन माणसं. विषय उंटाचाच होता आणि अंदाजे रंगात आला होता. उंटाला बाल्कनीत वळवून झालं, उंटासाठी लिफ्टची वजनमर्यादा वाढवून झाली.

"पुढचं चित्र!"

तिने बटण दाबलं. भलामोठा पडदा. सिमेंटमधली नागमोडी भेग. शेजारी बाबांचा अंगठा, पुरुषभर उंच.

पुन्हा बटण दाबलं की चित्र जाणार होतं. चाळीस माणसं आता या अंगठ्यावर हसतील. तिचं बोट बटणावर गेलं. पण त्याचे खांदे वर गेले होते आणि अजून खाली आले नव्हते. एक... दोन... मॅडमचा हात घंटेकडे सरकला. तीन... तिने बोट उचललं. बाबांना तिने त्याच्या हवाली केलं.

चार—

"मंडळी," तो हळू आवाजात म्हणाला, "उंट पाळणाऱ्यांनी या माणसाला विसरू नये. उंट भिंतीला टेकतो. आपण झोपतो. मग हा येतो. बघा, हा वाकलाय. फोटो थोडा हललाय, म्हणजे एकाच हाताने काढलाय. सोबत कोणी नव्हतं. नखात सिमेंट आहे. हा उंटाला ओळखत नाही, आपल्यालाही ओळखत नाही. भेग वाढली का, एवढंच बघायला हा पुन्हा येणार. आणि भिंत पडली नाही, तर हा आला होता हे कुणाला कळणारही नाही."

सभागृह चिडीचूप झालं होतं.

"फक्त उंटाला कळतं," अंदाजे म्हणाला. "म्हणून तो आयुष्यभर असं तोंड करून हिंडतो. तो या माणसाचे आभार कसे मानावेत, याचा विचार करत असतो!" आणि त्याने हुबेहूब तो विचारमग्न उंट करून दाखवला.

सगळ्यांच्या आधी हसलं ते काळ्या पडद्याआडचं कुणीतरी. मोठ्याने, घशातून, थांबता न येणारं हसू. तिला स्वतःलाच कळायला वेळ लागला की हा आवाज आपला आहे. मग सभागृह हसण्याने दणाणलं.

अंदाजे वळला. सात आठवड्यांत पहिल्यांदा, नियम मोडून, त्याने पडद्याच्या फटीतून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती आणि गाल ओले होते. तो बघतच राहिला. सातवं चित्र कोणतं होतं, ते दोघांनाही नंतर आठवेना.

कार्यक्रम मंजूर झाला. मॅडम तिच्या टेबलाशी आल्या. "ते अंगठ्याचं कुठून आणलंस?"

"चुकून राहिलं, मॅडम."

"अशा चुका अजून आहेत?"

"चारशे," ती म्हणाली. "पण घरी विचारून सांगते."

निघताना तिने अंदाजेला बाबांचं आणि त्यांच्या शेऱ्याचं सांगितलं. घरी आईने चित्रीकरण दोनदा बघितलं. पहिल्यांदा गप्प, दुसऱ्यांदा पदर तोंडाला लावून. मग म्हणाली, "उंट काय! साध्या मांजराला घाबरायचे ते." रविवारी रद्दीवाल्याने बेल वाजवली, तेव्हा आईनेच दारातून सांगितलं, "आमच्याकडे काही नाही हो."

सोमवारी ती ऑफिसात पोचली, तर मंच रिकामा होता आणि तिच्या टेबलाशी अंदाजे बसलेला. बटण त्याच्या हातात. मॅडमची घंटा त्याने स्टुलावर ठेवली होती.

"आज तुम्ही बोलायचं," तो म्हणाला. "विषय—एका माणसाची अडचण."

"मला नाही जमायचं. माझी तर पाचावर धारण बसते."

"माझी रोज बसते. कान बघता ना माझा?"

ती लाजली. म्हणजे त्याला माहीत होतं! ती मंचावर जाऊन उभी राहिली. मागच्या पडद्यावर काय येणार, याची काडीची कल्पना नसताना. म्हणजे हे असं असतं, असं वाटतं त्याला रोज...

पहिलं चित्र आलं. त्याचीच पाठ, मानेवर उभा केसांचा झुपका.

"हा... हा माणूस," ती चाचरत म्हणाली, "चुकीच्या दिशेला तोंड करून उभा आहे. हीच त्याची अडचण."

"वा! पुढचं?"

जिन्याचं वळण. रिकामी भिंत.

"इथे त्याने भिंतीची माफी मागितली होती. भिंतीने अजून उत्तर दिलेलं नाही."

"भिंतीला म्हणावं, घाई नाही," तो म्हणाला. त्याने शेवटच्या चित्रासाठी बटण दाबलं.

त्याच जिन्याची भिंत, जवळून. तिच्यात केसाएवढी बारीक भेग. शेजारी एक अंगठा—बाबांचा नाही. फोटो थोडा हललेला.

"सात आठवड्यांपूर्वी पडली," तो म्हणाला. तो आता टेबलाजवळ नव्हता, मंचाच्या पायरीशी उभा होता आणि सरळ तिच्याकडे बघत होता. डावा कान लालबुंद. "रोज वाढतेय. माझ्याने एकट्याने बघवत नाही. तुम्हीच सांगा... शेरा काय लिहू?"

तिने चित्राकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. या वेळी शब्द सरळ चालत आले.

"पुन्हा पाहावे," ती म्हणाली.

तो काही बोलला नाही. तीही बोलली नाही. पाच सेकंद झाले, दहा झाले, अंदाजे वीस झाले असतील. घंटा स्टुलावरच होती. कुणीच ती वाजवली नाही.