तिसरा हार

दार उघडंच होतं. संजनाने उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं, दुसरं उचललं... आणि ते तसंच अधांतरी राहिलं!

समोर तिचा स्वतःचा फोटो होता, आणि त्या फोटोला हार घातलेला होता.

पिवळ्या शेवंतीचा खराखुरा हार. पाकळ्यांच्या कडा जराशा सुकलेल्या, म्हणजे कालचाच असावा. कालच कुणीतरी स्टुलावर चढून, दोन्ही हात उंच करून, तिच्या हसऱ्या चेहऱ्याभोवती तो नीट बसवला होता. फोटो वर्दीतला होता. खांद्यावर दोन-दोन तारे, मान ताठ. लष्करी नर्सिंगमध्ये रुजू झाली त्या दिवशी काढलेला आणि फक्त आईच्या मोबाइलवर पाठवलेला. तोच मोठा करून, काचेत बसवून, खिळ्याला टांगला होता. तिला फोटो दिसला, हार दिसला. बाकीची खोली जणू नव्हतीच!

शब्दाला जागले म्हणायचे आप्पा... संजनाच्या मनात एवढंच आलं. खांद्यावरची बॅग केव्हा खाली घसरली ते तिला कळलंही नाही. गेल्या पाच वर्षांत तिने पुष्कळ पाहिलं होतं. तुटलेले पाय पाहिले होते, आईच्या नावाने हाका मारत शांत झालेली कोवळी पोरं पाहिली होती, आणि अशा वेळी आपला हात कधी थरथरत नाही याचा तिला थोडासा अभिमानही होता. आज मात्र दोन्ही हात पानासारखे कापत होते.

पाच वर्षांपूर्वी याच उंबऱ्यात आप्पा उभे होते, वाट अडवून.

एकलहऱ्याच्या रस्त्याला असलेल्या या वसाहतीत सावळीरामचं, म्हणजे तिच्या आप्पांचं, दोन खोल्यांचं घर होतं. घर कर्जाचं, संजनाच्या नर्सिंगच्या शिक्षणाचंही कर्ज, आणि त्यातच सावळीरामचा दमा इतका बळावला की ठेकेदाराने त्याला कामावरून घरी बसवलं. धाकट्या राकेशला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता आणि त्याची फी कुठून आणायची हा प्रश्न रोज ताटात वाढल्यासारखा सगळ्यांच्या समोर असायचा. संजनाचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता, तिला आवडलाही होता... पण खाजगी दवाखान्यातल्या पगारात स्वतःचा संसार आणि माहेरचं ओझं दोन्ही ओढणं शक्य नव्हतं. तिने कुणाला न सांगता लष्करी नर्सिंगची परीक्षा दिली, निवड झाली, आणि मुलाकडच्यांनी ‘फौजेतली सून नको’ म्हणताच तिने स्वतःहून ते लग्न मोडलं. का मोडलं, हे घरात फक्त आईला ठाऊक होतं. आप्पांना ते सांगायचं नाही अशी शपथ तिने आईला घातली होती. लेकीच्या पैशावर जगतोय हे कळलं असतं तर त्या मानी माणसाने औषधसुद्धा घेतलं नसतं.

आप्पांना एवढंच दिसलं, की ठरलेलं लग्न मोडून पोरगी फौजेत निघाली.

आणि फौज या शब्दानेच त्यांच्या काळजाला घरं पडायची. त्यांचा थोरला भाऊ वाल्मीक जवान होता. सुट्टीत येताना सावळीरामला बूट आणीन म्हणाला होता. आला तो खोक्यातून, गावी नामपूरला, तिरंग्यात गुंडाळून. तेव्हा सावळीराम मिसरूडही न फुटलेला पोरगा होता आणि खोक्याचा एक कोपरा त्याच्या खांद्यावर होता.

“एकदा खोका उचललाय मी,” त्या दिवशी उंबऱ्यात उभे राहून आप्पा म्हणाले होते. “दुसऱ्यांदा उचलायला मी वाचायचो नाही. ऐक संजू, वर्दी अंगावर चढली की मी तुझ्या फोटोला हार घालीन आणि मोकळा होईन. मग तू आम्हाला मेलीस, आम्ही तुला!”

ती त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर पडली होती. त्यानंतर आप्पांनी एकदाही फोनवर तिचा आवाज ऐकला नाही. सुट्ट्या तिने मेसमधल्या खोलीत, नाहीतर मैत्रिणींच्या गावी काढल्या. गेल्या महिन्यात कर्ज फिटलं, राकेश पुण्याला कामाला लागला, आणि तिला वाटलं, आता जावं... आता एकदा त्यांच्या पायाशी बसावं.

“कोण आहे?” आतून आवाज आला. सुमनबाई हात पुसत बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. “संजू! अगं माझी बाय ती! न सांगता न सवरता?”

तिने धावत येऊन लेकीला कवटाळलं. पण संजनाचं अंग लाकडासारखं ताठ होतं. तिने नुसतं बोट वर केलं.

“आई... मी कधी गं मेले?”

सुमनबाईचा चेहरा खर्रकन उतरला. “असं अभद्र बोलू नको, बाळा.”

“मी बोलत नाहीये, भिंत बोलतेय! कधीपासून आहे हे?”

“झाले चार महिने...” सुमनबाईचा आवाज चोरटा झाला. “देवळालीच्या फौजी दवाखान्यात नेलं होतं ना मी त्यांना, तू सोय केलीस तेव्हा. मी त्यांना सांगितलं होतं ट्रस्टचा दवाखाना आहे म्हणून. त्यांना बाकावर बसवून नंबर लावायला गेले. परत येऊन बघते तर चेहरा असा झालेला, की मला विचारायचा धीर होईना. दुसऱ्या दिवशी माझा मोबाइल घेऊन गेले आणि हा फोटो करून आणला. एक शब्द नाही बोलले. तेव्हापासून रोज हार आणतात.”

“रोज?”

“मी दोनदा काढला गं! दोन्ही वेळा परत घातला. म्हटलं, कळलं वाटतं यांना लेकीच्या नावावर इलाज होतोय म्हणून, आणि राग आला. तुला फोनवर कोणत्या तोंडाने सांगणार होते?”

रोज! एकदा रागाच्या भरात घातलेला हार तिने सोसला असता. पण रोज सकाळी उठून, ठरवून, बाजारात जाऊन, ताज्या फुलांनी आपल्या जिवंत लेकीला मारणारा बाप... संजनाने वाकून बॅग उचलली.

“कुठं चाललीस?”

“मेलेल्या माणसाने घरात थांबू नये, आई.”

“संजू, पाया पडते तुझ्या!”

पण ती बाहेर पडली होती. समोरच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या रंगूबाईने मान वर केली आणि हातातली जुडी खाली टाकली.

“अगं बया, संजू का ही? केस कापले का गं फौजेनं? आणि आली न लगेच चालली? घरचं पाणीबी प्यायचं नाही असा हुकूम आहे का साहेबाचा?”

“मावशी, वाट सोडा.”

“नाय सोडत! एवढी मोठी ऑफिसर झाली, मावशीला जयभीम घालायला मोडतं का तुझं?” रंगूबाई गल्लीच्या मधोमध येऊन उभी राहिली, मेथीचे देठ पदरातून गळताहेत, कमरेवर हात. मग संजनाच्या डोळ्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “काय झालं गं पोरी?”

उत्तर द्यायला संजनाला वेळ मिळाला नाही. गल्लीच्या तोंडाशी आप्पा दिसले.

किती वाळले होते! सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. बिटको चौकातल्या बाजारातून पायी आले असावेत; चार पावलं चालायचे, थांबायचे, श्वास गोळा करायचे. हातात फुलवाल्याने बांधून दिलेली पुडी होती. त्यांनी तिला पाहिलं. 

“कधी आलीस?” आप्पांनी विचारलं.

“मेलेली माणसं काय कळवून येतात, आप्पा?”

रंगूबाईने तोंडावर पदर घेतला.  संजनाची नजर पुडीवर खिळली होती.

“किती आणलेत?”

“तीन.”

“तिसरा माझाच ना?” पाच वर्षं दाबून ठेवलेला हुंदका तिच्या आवाजात असा फुटला की शेजारच्या दारांतून डोकी बाहेर आली. “द्या इकडे! रोज कशाला त्या पायांना त्रास? आज मी आलेय ना, आज माझा हार मीच घालते!”

तिने त्यांच्या हातातली पुडी ओढून घेतली आणि तरातरा घरात शिरली. सुमनबाई “नको गं, नको!” म्हणून तिच्या दंडाला लोंबकळली, तिला बाजूला सारून संजनाने स्टूल ओढलं, त्यावर चढली, कालचा हार ओरबाडून काढला. पुडीचा दोरा दातांनी तोडला. ओल्या शेवंतीचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. स्वतःच्याच हसऱ्या चेहऱ्यासमोर तिने दोन्ही हात उंच केले...

“संजू.” आप्पा दारात पोचले होते. चौकटीला धरून उभे होते आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. “हार घाल... नाहीतर नको घालू. आधी भिंत बघ.”

“काय बघू?”

“कोणती भिंत आहे... ती बघ.”

तिने बघितलं.

फोटोच्या डाव्या हाताला बुद्धाची शांत, मिटल्या डोळ्यांची तसबीर होती. त्याच्या शेजारी बाबासाहेब. दोघांच्याही गळ्यात कालचेच शेवंतीचे हार होते. आणि त्याच रांगेत, वीतभर खाली, ती स्वतः!

संजनाने गर्रकन मान वळवली. स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत तिच्या जन्मापासून घरातल्या गेलेल्या माणसांची होती. तिथे आजोबा होते. तिथे फौजी टोपीतले वाल्मीककाका होते. दोघांच्या फोटोंवर पिवळे पडलेले प्लास्टिकचे हार होते. त्यांच्या शेजारी भरपूर जागा रिकामी होती.

हात हळूहळू खाली आले.

“मला वाटलं,” सुमनबाई पुटपुटली, “त्या भिंतीला ओल धरलीय... म्हणून इकडं लावला असंल.”

“ओल!” आप्पा हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. ती ओसरली. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. ते कधी फार बोलत नसत, आणि आज तर एकेका वाक्याला श्वास पुरत नव्हता.

“त्या दवाखान्याच्या गेटवर बंदूकवाला जवान बघितला तेव्हाच कळलं होतं मला, कसला ट्रस्ट ते. पण भांडायला दम कुठं होता? बसलो बाकाच्या टोकाला. एक सिस्टर आली, मल्याळी असावी, खांद्यावर तुझ्यासारखेच तारे. माझं कार्ड बघितलं आणि उभीच राहिली. म्हणाली, ‘अंकल, आप संजना के पापा?’ आणि आतून स्वतःची खुर्ची घेऊन आली. ‘इस पे बैठिए.’ जन्मभर ठेकेदारासमोर उभा राहिलोय मी, संजू. खुर्ची कुणी दिली नव्हती...”

“आप्पा...”

“बोलू दे. ती म्हणाली, ‘संजना ने शादी नहीं की. बोलती थी, पहले भाई की पढ़ाई, पहले घर का कर्ज़.’ तिला वाटलं, मला माहीत असेल. सगळ्या दुनियेला माहीत, बापालाच नाही! सुमन सांगायची, भिशी लागली, राकेशला स्कॉलरशिप मिळाली... आणि मी येडा, बोटं मोडून तुला शिव्या देत होतो. तुझंच अन्न खाऊन!”

सुमनबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. पदर डोळ्यांना होता.

“मग फोन का नाही केलात?” संजनाने विचारलं. 

“रोज नंबर काढायचो. जीभ रेटायची नाही. काय म्हणणार होतो? ‘मेलीस’ म्हणालो होतो तुला, स्वतःच्या पोरीला! तो शब्द गिळता येईना न् थुंकता येईना. म्हणालो होतो हार घालीन. म्हटलं, घालतो. पण त्या भिंतीवर नाही... आपण ज्यांच्यामुळं माणसात आलो, त्यांना रोज हार घालतो ना? मग जिच्यामुळं हे घर उभं आहे तिला का नाही? रागवू नको. मला दुसरं काही सुचलं नाही, पोरी.”

संजना स्टुलावरून उतरली. की कोसळली, हे नीट सांगता येणार नाही. तिने आप्पांचे पाय धरले आणि लहानपणी ताप आला की रडायची तशी, तोंड उघडून, आवाज काढून ती रडली. आप्पांचा खरखरीत हात तिच्या कापलेल्या केसांवरून फिरत राहिला. दारात रंगूबाई उभी होती. ती डोळे पुसत म्हणाली, “चार महिने मनात ठेवलं होय! बाप आहेस का कुलूप रे सावळ्या?”

मग आप्पांनी तिला उठवलं. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. दम लागला की त्यातच बसून ते रात्र काढत, म्हणून घरातलं दुसरं कुणी तीत बसत नसे. ती त्यांनी फरफटत आणून खोलीच्या मधोमध ठेवली, खांद्यावरच्या टॉवेलने झटकली.

“बस.”

“आप्पा, तुम्हाला दम लागलाय, तुम्ही...”

“बस म्हणतो ना!”

ती बसली. आप्पा तिच्यासमोर उभे राहिले, धापा टाकत, हात बांधून. संजनाला ते पाहवेना आणि नजरही काढवेना. तिने हळूच त्यांचं मनगट हातात घेतलं आणि सवयीने नाडीवर बोटं ठेवली. आता तिचा हात कापत नव्हता.

सुमनबाईने चहाचं आधण ठेवलं. आप्पांनी दोन हार नेहमीच्या जागी घातले आणि तिसरा हातात घेऊन ते घुटमळले.

“हा राहिला,” ते म्हणाले. “आता तू समोर असताना फोटोला काय घालायचा?”

संजनाने तो त्यांच्याकडून घेतला आणि त्यांचा हात धरून त्यांना दुसऱ्या भिंतीपाशी नेलं. काकांच्या फोटोवरचा प्लास्टिकचा हार तिने काढला. काचेवर धुळीचा थर होता. तो तिने ओढणीने पुसला. खालून विशीतला एक मुलगा हसत होता. खोका उतरवल्या दिवसापासून आप्पांनी या चेहऱ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

“तुम्ही घाला,” संजना म्हणाली.

आप्पांनी हार घातला. आणि मग किती तरी वेळ, लेकीच्या खांद्याला धरून, ते थोरल्या भावाकडे बघत उभे राहिले.