डाव्या हाताची गाठ

मोबाईल खाली ठेवा आणि ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या फोरमनची आहे. एकाच छापखान्यात आमची हयात गेली. मी मशीनवर, मला छापायचं तेवढं ठाऊक.

गेल्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. छापखाना बंद पडून जमाना झाला होता आणि सोमवारी इमारत पाडणार होते. फोरमन रात्री अकराला किल्ली घेऊन निघाला. काम एवढंसं. बाइंडिंगच्या खोलीत त्याच्या आक्काची, कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी राहिली होती. दिवसा का नाही गेला, विचाराल. त्या खोलीत जाताना कुणी पाहिलेलं त्याला नको होतं.

लढाईच्या दिवसांत एका नर्सचं पुस्तक आमच्याकडे आलं. आघाडीवर पोरं कशी मेली, ते त्यात होतं. सरकारी साहेब आला, म्हणाला, ते प्रकरण कापा आणि जाळा. बाइंडिंगच्या पाच बायकांनी मान डोलावली. कापलंही. जाळली मात्र रद्दी. प्रकरण त्यांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत शिवून टाकलं, घरोघरी जावं म्हणून. आक्का म्हणायची, "पोरं त्यांची मेलीत. त्यांना कळायला नको?"

कुठल्याशा शाळेत एक पुस्तक सापडलं. पाचजणींनी तोंडातून ब्र काढला नाही. मग साहेबाने ते फोरमनपुढे ठेवलं. तेव्हा तो साधा कामगार होता. आक्का डावखुरी, तिची गाठ उलटी बसायची. हा सख्खा भाऊ, याला ओळखू येणारच. म्हणाला, "ही आक्काची." संध्याकाळी सोडतो, असं साहेबाने कबूल केलं होतं म्हणे. आक्काला नेलं, ती परत आली नाही. पुस्तकं जप्त करून मागच्या आवारात जाळली, एक पान उरलं नाही. आणि हा फोरमन झाला. असल्या भावापेक्षा वैरी बरा.

तर तो खोलीत गेला. पट्टी टेबलावरच होती. कोटाच्या खिशात टाकली. वळला.

मागे दोरा ओढल्याचा आवाज. सर्र...

थांबला.

सर्र...

"आक्का?"

...

"संध्याकाळी सोडतो म्हणाले होते गं."

आवाज बंद.

मग अगदी जवळ. कमरेशी. सर्र... सर्र...

घरी कसा पोचला, त्यालाच ठाऊक नाही. पहाटे मला बोलावलं. कोट अंगातच होता. खिसा शिवलेला. बाइंडिंगचा मेण लावलेला दोरा. गाठ उलटी.

"उसव आणि पट्टी काढ," मी म्हटलं.

"पट्टी नाहीये आत," तो म्हणाला. "पट्टी वाजत नाही."

मी दाबून पाहिलं. आत कागद होता.

मार्चमध्ये तो गेला. शेवटपर्यंत खिसा उसवला नाही. कोट माझ्याकडे आला. तो बघा, खुंटीवर.

काय म्हणालास? मी का नाही उसवला?

माझा धाकटा भाऊ त्याच आघाडीवर होता, बाळा. सरकारने कळवलं, तापाने गेला, त्रास झाला नाही. आई तेवढ्यावर जगली. मीही जगलो.

कात्री उशाशी घेऊन झोपतो. अजून लावलेली नाही.

गाठ मात्र रोज सकाळी थोडी सैल झालेली असते.