मोंजीकाकांची गाळलेली ओळ

पटो न पटो, हे खरं घडलंय. माझ्या मामेबहिणीच्या, सिहेमच्या बाबतीत.

स्फाक्स शहर. रमजानचा एकोणिसावा रोजा. इफ्तारला दहा मिनिटं होती.

सगळे घरी गेले होते. कारखान्यात ती एकटीच बोर्ड तपासत बसली होती. नवजात बाळांना उबेत ठेवतात ना, त्या काचपेट्यांचे सर्किट बोर्ड.

बोर्ड तपासायचा जुना मीटर काढून तिनेच नवा बसवला होता. नव्याला जुन्या कमांड कळेनात. म्हणून निवृत्त मोंजीकाकांनी लिहिलेला प्रोग्रॅम तिने ओळ न् ओळ बदलला.

एक ओळ मात्र गाळली. ‘तीन सेकंद थांब.’

काका फोनवर म्हणाले होते, “पोरी, तेवढी राहू दे. बोर्ड तापल्यावरच खरा आकडा येतो.”

“काका, नवा मीटर तुमच्यासारखा दमत नाही,” ती हसली होती.

आठवड्याभरात काका वारले.

त्या संध्याकाळपर्यंत चाळीस बोर्ड पास होऊन बाहेर पडले होते.

टिक्...

मीटर आपोआप सुरू झाला. तिने काहीच दाबलं नव्हतं.

त्याच्या पडद्यावर कमांड उमटली... जुन्या मीटरची. नव्याला कळूच नये अशी.

मग शांतता.

एक... दोन... तीन...

आकडा आला. दुपारी पास झालेला बोर्ड नापास.

तिने मीटरला कमांड पाठवणाऱ्या कॉम्प्युटरची केबल उपटली.

टिक्...

पुन्हा तीच कमांड. पुन्हा नापास.

ती कोठीत धावली. जुना मीटर फळीवर होता, वायर गुंडाळलेली. तिने हात लावला...

झाकण गरम होतं.

बाहेर अजान झाली. रोजा सोडायच्या आधी तिने पास झालेल्या बोर्डांची यादी काढली.

सकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली. “लस्सदसाहेब, चूक माझी आहे. चाळीसही बोर्ड परत मागवा.”

“मीटर बिघडला होता म्हण ना. कोण विचारतंय?”

“मीच विचारतेय, साहेब.”

अडतीस परत आले. त्यातले अकरा खराब निघाले.

उरलेले दोन कुठल्या इस्पितळात गेले, ते आजवर कळलेलं नाही.

ती कमांड कुणी पाठवली, हेही नाही. त्याबद्दल मी आता विचारत नाही. विचारलं की सिहेम एवढंच म्हणते, “काकांनी आधी साध्या फोनवरच सांगितलं होतं गं...”

आणि पुढच्या इस्पितळाचा नंबर फिरवते.