थ्रेक्सबीचा झरोका

घंटांचे दोर गुंडाळून ठेवलेत ना? मग टेका जरा. पबमध्ये आज डार्ट्सची मॅच आहे, आत्ता गेलात तर बिअर हातात पडायला अर्धा तास. डेझी, मोबाईल खिशात. आणि हसू नकोस, भुताची गोष्ट नाही सांगत. एडमंड थर्कटलची सांगतोय. त्याला तुम्ही पाहिलंय. आपल्या चर्चच्या मनोऱ्याच्या भिंतीतल्या गारगोट्या मागच्या उन्हाळ्यात त्यानंच बसवल्या. उंच, कमी बोलणारा, डबा एकटाच खाणारा गवंडी. त्याच्या तोंडून हे मी एकदाच ऐकलं. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

बावीस सालचा डिसेंबर. आठ तारीख, गुरुवार.

थ्रेक्सबी गावच्या चर्चात त्याचं काम चाललं होतं. वेदीजवळच्या उत्तरेकडच्या भिंतीचा गिलावा फुगला होता. तो खरवडताना कमरेच्या उंचीवर एक झरोका निघाला. वीतभर रुंद, हातभर उंच, दगडी चौकटीचा, आणि आत गारगोट्या ठासून बुजवलेला. थर्कटलनं तोंडाशी असलेले दगड काढले, जाईल तितकं आत साफ केलं, चौकटीच्या कडा ताज्या चुन्यानं भरल्या आणि पाचला घरी गेला.

जेवताना रेडिओवर सांगितलं, रात्री पारा उणे सहावर जाणार. ओल्या चुन्याला हिव लागलं तर सकाळी पिठासारखा गळतो तो. दिवसभराची मेहनत मातीत. थर्कटलनं ताट तसंच ठेवलं, चार गोणपाटं गाडीत टाकली आणि निघाला. पावणेदहाला त्यानं चर्चचं कुलूप काढलं. दिवे लावायच्या फंदात पडला नाही. दहा मिनिटांचं काम, टॉर्च पुरे होता.

गुडघ्यावर बसून तो गोणपाट चौकटीत खोचत होता. तेवढ्यात आतून आवाज आला.

घशाला कोरड पडली की थुंकीसुद्धा नसताना आपण गिळतो ना... तसा.

त्याला वाटलं, उंदीर असेल. गोणपाट बाजूला करून त्यानं टॉर्च मारला. दीड हातावर गारगोटीची भिंत. बाकी काही नाही. टॉर्च खाली घेतला, आणि बाईचा आवाज आला. पुटपुटल्यासारखा. भाषा आपलीच वाटावी, पण शब्द सगळे मोडलेले, वाकडे. त्याला त्यातला एकच शब्द कळला. ती तो पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पाणी.

थर्कटल धावत बाहेर गेला. कुणी बाई पडली असेल, भिंतीला टेकली असेल, आवाज फटीतून येत असेल. वळसा घालून उत्तरेला आला. भिंत सलग. खाली गवत. त्या बाजूला एक थडगंसुद्धा नाही. त्यानं भिंतीला कान लावला. काही नाही. आत आला, तर ती बोलतच होती.

त्यानं तिथल्या पाद्रीला, व्हिकर मॅरियन अटिंगला, फोन लावला. तिचं घर समोरच.

"मॅरियन, चर्चात ये."

"अरे, दहा वाजलेत. मी पायजम्यात आहे."

"तशीच ये."

ती आली. पायजम्यावर कोट आणि पायात गमबूट. "एडमंड, तू प्यायलेला निघालास ना, तर पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर..." ती अर्ध्यावरच थांबली. तिलाही ऐकू आलं होतं.

ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली. मग मॅरियन हळूच म्हणाली, "इथे एक साध्वी राहायची असं जुन्या कागदांत आहे. भिंतीला लागून खोली बांधायचे आणि बाई आत गेली की दार चिणून टाकायचे. जन्मभरासाठी. तिचं तिनंच मागून घेतलेलं असायचं ते. या झरोक्यातून तिनं वेदी बघायची, बस. पाव-पाणी गावानं दुसऱ्या खिडकीतून द्यायचं."

"खोली कुठाय मग?"

"पाडली. पाचशे वर्षं होऊन गेली."

"आणि गावानं पाणी दिलं नाही?"

मॅरियननं टॉर्च मागच्या भिंतीवर नेला. इथे कोण कोण व्हिकर होऊन गेले त्यांच्या नावांची पाटी असते ना, तशी तिथंही आहे. १३४९ सालापुढे तीन नावं होती. एका सालात तीन.

"प्लेगची साथ," ती म्हणाली. "पाद्रीच तीन गेले. गावात द्यायला उरलं कोण होतं, एडमंड?"

आतून पुन्हा तो शब्द आला. आता जरा मोठ्यानं. माणसांची चाहूल लागली होती तिला. कुणीतरी आलंय, असं वाटलं असणार.

थर्कटलनं हातोडा उचलला.

"भिंत येईल अंगावर!"

"माहितीये मला."

तीन गारगोट्या निघाल्या. चौथी हलवली आणि आतला भराव सळसळत खाली येऊ लागला, फाटक्या पोत्यातून गहू सांडावा तसा. वरच्या कमानीतून माती गळाली. चाळीस वर्षं भिंती बांधलेला माणूस तो. आणखी एक दगड काढला तर छप्पर खाली येईल, हे त्याच्या हातांनाच कळलं. त्यानं ती गारगोटी पुन्हा जागेवर दाबून धरली. दाबताना रडत होता, असं मॅरियननं मला सांगितलं. त्यानं नाही सांगितलं.

मग पाणी. फुलं लावणाऱ्या बायकांसाठी तिथं नळ आहे. झारी भरून त्यानं झरोक्यात ओतली. पण त्या झरोक्याचा तळ चर्चच्या बाजूला उतरता. सगळं पाणी परत आलं. त्याच्याच बुटांवर.

आत ती रडली. पाण्याचा आवाज ऐकला असेल ना तिनं.

"एडमंड," मॅरियन म्हणाली, "हे होऊन गेलंय रे. पावणेसातशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. आपल्या हातात काही नाही. चल घरी."

"कोविडात आई गेली तेव्हा मी नर्सिंग होमच्या काचेबाहेर उभा होतो. आत सोडलं नाही. तिचे ओठ हलत होते." त्यानं बाह्या वर केल्या. "तू जा. मी थांबतो."

ती गेली नाही.

उंच मेणबत्त्या विझवायची लांब काठी असते, टोकाला वाकलेली. थर्कटलनं तिच्यावर कपबश्या पुसायचं फडकं टाकलं, झारीत बुडवलं आणि पाणी टपकत असतानाच आत सरकवलं. दीड हातावर काठी भिंतीला लागली. टक.

आणि हलकासा हिसका बसला.

आजारी माणूस चमचा ओठांत धरून ठेवतो, तसा.

त्यानं काठी बाहेर घेतली. फडकं कोरडं होतं. उन्हात वाळवल्यासारखं.

पुन्हा बुडवलं. पुन्हा कोरडं. पुन्हा. मॅरियन झारी भरून आणत होती आणि तो काठी सरकवत होता. बारा वाजले. एक वाजला. अकरा झाऱ्या झाल्या. हात बधिर झाले, दुधावर साय धरावी तसा पाण्यावर बर्फ धरू लागला. आतला आवाज मात्र वाढत नव्हता. उतरत होता. पाणी पोचत होतं आणि पुरत नव्हतं. फडक्याला किती पाणी मावणार... तिला कितीची तहान...

दोन वाजता शब्द थांबला. नुसता श्वास.

अडीचला श्वासाश्वासात अंतर पडू लागलं. मॅरियन प्रार्थना म्हणू लागली. मध्येच विसरली. पाठ असलेली, रोजची प्रार्थना.

तीनला दहा कमी.

काठी आत गेली.

टक.

हिसका नाही.

थर्कटल थांबला. मॅरियन थांबली. त्यानं काठी तशीच धरून ठेवली... किती वेळ, कुणास ठाऊक. मग हळूहळू मागे ओढली.

फडकं ओलं होतं. चिंब. टपटप पाणी गळत होतं त्यातून.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही...

सकाळी आर्किटेक्ट आला. त्यानं नळीवरचा कॅमेरा झरोक्यात घातला. दीड हात पोकळी, पुढे पक्की भिंत, तळाला धूळ. कोरडी ठणठणीत. तो म्हणाला, इथे पाणी लागलेलंच नाही. थर्कटलनं मान डोलावली, चुना कालवला आणि दुपारपर्यंत झरोका होता तसा बुजवून टाकला. त्या कामाचा पैसा त्यानं घेतला नाही, आणि थ्रेक्सबीला पुन्हा गेला नाही.

ते फडकं मॅरियननं कपाटात ठेवलंय. मला तिनं दाखवलं. साधं, निळ्या काठाचं, दुकानात मिळतं तसलंच. पहाटे काठीवरून उतरवून पिळायला घेतलं, तेव्हा तिच्या बोटांना काहीतरी लागलं, म्हणाली.

एका कोपऱ्याला गाठ मारलेली आहे. बारीक, घट्ट, दुपदरी. आत मसुराच्या दाण्याएवढं, जपमाळेच्या मण्यासारखं काहीतरी कडक आहे. ती सोडून बघायचं धाडस मॅरियनला झालेलं नाही.

गाठ त्या दोघांनी मारलेली नाही.