लवूच्या पाठीवरचं नाव

पटत नसेल तर नका मानू. पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं आहे. त्याच्या नावाने मी खोटं सांगणार नाही.

२००९ सालची नारळी पौर्णिमा. मालवणात बंदराजवळ आमचं टी-शर्ट छापायचं दुकान होतं.

भिकाजी तांडेलांची होडी दर्याला नारळ देऊन संध्याकाळी निघणार होती. खलाशांसाठी निळे टी-शर्ट, पाठीवर प्रत्येकाचं नाव पांढऱ्या शाईत. माझा भाऊ लवूही त्याच होडीवर होता.

मशीन कागदाच्या प्रिंटरसारखंच, फक्त थेट कापडावर छापणारं. त्याचे नखरे मला पाठ होते. पांढरी शाई तळाला बसते, बाटली रोज हलवावी लागते. शाई सोडणारं हेड सुकलं की छपाई तुटते.

बाकी सगळ्यांची नावं झकास उठली.

मग लवूचा टी-शर्ट लावला. हेड सरसर फिरलं...

पाठ कोरी.

बाटली हलवली. हेड साफ केलं. चाचणीचा कागद काढला, तर एकही रेघ तुटलेली नाही. भिकाजींचं नाव पुन्हा छापून पाहिलं, लगेच उठलं. पुन्हा लवूचं...

कोरी.

कापडाला हात लावला तर ओलंगच्च. बोट जिभेला लावलं.

खारट.

मी घाबरले. लवू आला तेव्हा त्याला म्हटलं, आज जाऊ नकोस. तो हसायलाच लागला. मशीन बिघडलं म्हणून कोण घरी बसतं, म्हणाला.

"कोरोच दी गो ताई. दर्यात माका नाव विचारूक कोण येतलो?"

सगळ्यांत माझाच भाऊ कोऱ्या पाठीने जाणार, हे मला सोसेना. शेवटचं एकदा छापलं.

या वेळी नाव उठलं. हीट प्रेसखाली तापवून पक्कं केलं, बोट फिरवून पाहिलं. जीव भांड्यात पडला.

बंदरावर आई आली होती. तिच्या पाया पडून लवू होडीकडे चालू लागला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते...

नाव विरत होतं.

आधी एक अक्षर. मग दुसरं. टी-शर्टाच्या कडेतून पाणी ठिबकत होतं. पाऊस नव्हता, उतरतीचं स्वच्छ ऊन पडलं होतं.

हाक मारायला तोंड उघडलं, तर आईने माझं मनगट धरलं.

"मागसून साद घालू नको गो. दर्यार चललो तो."

आमच्यात दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत. आईला ते विरतं नाव दिसत नव्हतं. मी उघडलेलं तोंड मिटलं. तो होडीत चढला. एकदाही वळला नाही.

होडी परत आली.

लवू नव्हता.

वारा नाही, लाट नाही. भिकाजी रडत सांगत होते, जाळ्यापाशी बसला होता, मान वळवून बघतो तर नाही.

पुढे त्यांच्याच जाळ्यात टी-शर्ट मिळाला. नुसता टी-शर्ट. पाठीवर नाव ठसठशीत. मी त्यावरून बोट फिरवलं...

शाई ओली होती. बोटाला लागली.

मशीन मी विकून टाकलं. आई आता रोज संध्याकाळी बंदरावर जाते आणि दर्याकडे तोंड करून लवूला हाका मारते. मी तिला अडवत नाही.

परवा मीही तिच्याबरोबर गेले होते. परतताना ती पुढे होती, मी मागे. ती पाण्यात उतरली नव्हती. तरी तिच्या पातळाच्या काठातून पाणी ठिबकत होतं...

या वेळी मी हाक मारली. जीव तोडून मारली.

ती वळली नाही.

घरी आल्यावर विचारलं, वळली का नाहीस?

"माका नाय ऐकाक इली साद."