चापावरचं गंध

शस्त्रं-अवजारं पूजेला मांडायच्या सरस्वतीपूजेच्या दिवशी, पावणेअकराला, तंजावरच्या भर रस्त्यात गोळी सुटली आणि गजरेवाली चेल्लम्मा जागच्या जागी गेली. सव्वाअकराला उपअधीक्षक श्रीनिवासरावांचा फोन वाजला. एसटीडी बूथवरून अमरसिंहाची बायको कमलाक्षी रडत होती.

"अण्णा, ह्यांना धरून नेलं. आमची रायफल पूजेतून हललीसुद्धा नाही. पण ऐकतंय कोण?"

श्रीनिवासरावांनी फोन ठेवला आणि जीप काढली. अमरसिंह त्यांच्याच मराठी मंडळींतला. सोडला तर लोक म्हणणार, साहेबांनी आपला माणूस वाचवला. न सोडावा, तर निरपराध माणूस खडी फोडायला जायचा.

अमरसिंहाचं घर आणि पोलीस ठाणं यांच्यात एकच भिंत. गोळी चेल्लम्माच्या आरपार गेलेली, सापडत नव्हती; कोणत्या रायफलीची, ते कळायला मार्ग नव्हता.

ठाण्यात इन्स्पेक्टर राजगोपालने सलाम ठोकला. बाहीवर गंधाचा पिवळा डाग. आजच्या दिवशी कुणाच्या कपड्यावर नसतो म्हणा!

कोठडीत अमरसिंह पार खचला होता.

"चाप ओढलात?"

"नाही."

"मग नळीला दारूचा वास कसा?"

"आठवड्यापूर्वी तिरुवैयारूच्या शेतात डुकरांवर बार काढला. साफ करायची राहिली. माझंच नशीब फुटकं."

"वासावरूनच पकडलं, अय्या," राजगोपाल तमिळ अदबीनं म्हणाला. "रायफल ह्यांच्या घरीच आहे, पहाऱ्यात. पूजेतल्या शस्त्राला उद्या सकाळपर्यंत हात कोण लावणार?"

श्रीनिवासराव ती पाहून आले. चापावर थापलेलं गंध वाळून तडकलं होतं, पण पापुद्रा जागेवर होता. मग त्यांनी ठाण्यातल्या पाच रायफलींच्या चापांवरून बोट फिरवलं.

"तुमची पूजा कधी झाली?"

"नवाला. दोन्हीकडे गुरुजी एकच."

"पाचही रायफलींची?"

"पाचही, अय्या."

"मग चार वाळल्या आणि पाचवीचं गंध माझ्या बोटाला लागतं, ते कसं?"

राजगोपालने डागाचा हात पाठीमागे नेला.

"मी सांगतो. अमरसिंहाचा चाप हलला असता तर पापुद्रा गळला असता. हलला तो हा पाचवा. बार उडाल्यावर कुणीतरी ही पुसली आणि घाईघाईनं नवं गंध थापलं. नऊ वाजताच्या पूजेचा डाग एव्हाना वाळला असता. तुमच्या बाहीवरचा अजून ओला आहे."

राजगोपालने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"फोटोसाठी हातात घेऊन चाप ओढला, अय्या. रिकामी आहे असं वाटलं. बघायचं राहून गेलं."

"आणि शेजाऱ्याला अडकवलंत?"

"चूक झाली. खात्याची चौकशी लावा, बदली करा. पण गुन्हा नको. मी पोलीस आहे."

श्रीनिवासरावांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. चेल्लम्माला काय, कुणाची गोळी लागली याचा फरक पडला होता? त्यांनी कोठडी उघडायला लावली आणि लेखनिक सेतुरामला नवा कागद घ्यायला सांगितलं.

सेतुरामचं पेन अडलं. "इन्स्पेक्टरसाहेबांचा हुद्दा आधी लिहू?"

"आधी नाव, मग बापाचं नाव, वय, पत्ता. अमरसिंहाचं लिहिलंत तसंच. कलमही तेच."