कोरड्या वाळूतली नाव

"तुह्या बहिणीनं दोर बांधला नाही म्हणून नाव वाहून गेली. माह्यावर काऊन खेकसतं बे?"

बीबी गावाच्या बसस्टँडवर गजेंद्रनं सोहमची कॉलर धरली होती. बाजूले गजेंद्रची बहीण प्रेरणा, डोळे सुजलेली. ती एकच म्हणे, दादा, मी बांधला होता.

प्रेरणा, तिची मैत्रीण काजल अन् सोहम कोकणातल्या कँपात समुद्रात नाव वल्हवायचं शिकून नुकतेच उतरले होते. कँपातली सोहमची सीट खरं तर गजेंद्रची. सोयाबीन सोंगाले घरी माणूस पाहिजे, म्हणून त्यानं ती जिगरी दोस्ताले देल्ली. बहिणीवर ध्यान ठेव म्हणला.

कँपवाला प्रेरणाले हंगामभर कामावर ठेवणार होता. शेवटच्या दिवशी नाव गेली, खडकावर फुटली. तो संध्याकाळी आला, ऐकलं अन् तिले नाही म्हणला.

गजेंद्रनं कॉलर सोडली. काजलच्या मोबाइलमधले फोटो पाह्यले. जेवाले बसतानाच्या फोटोत नाव मागं वाळूवर. जेवण झाल्यावरच्या फोटोत नाव नाही.

"जेवताना तू उठला होता?"

"विहिरीवर गेलतो. पाणी आणाले."

"समुद्राकडं?"

"नाही."

"मंग या दुसऱ्या फोटोत तुही पँट कमरेपर्यंत ओली कशी?"

"बादली सांडली. दहावी झाली नाही अन् फौजदारकी करून राह्यला."

"चारी बाजूनं सांडली? बाकी सगळे तर कोरडे हायेत."

गजेंद्रनं मोबाइल प्रेरणापुढं धरला.

"आपण धरणासारखं समजलो. दोर सुटला की नाव जाते. पण इथं ओहोटीनं पाणी पार मांगं हटलेलं हाय. कोरड्या वाळूतली नाव बांधली नाही तरी जात नाही. अन् दुसऱ्या फोटोत वाळूत रेघ पाह्य, थेट पाण्यापर्यंत. कोणीतरी नाव ओढत नेली, कमरेइतक्या पाण्यात उतरून ढकलली. संध्याकाळी भरती आली, रेघ पुसली. कँपवाल्याले कसं कळन?" तो सोहमकडं वळला. "प्रेरणाची जागा कोणाले भेटली?"

काजलनंच सांगितलं. सोहमले.

"तुमचं वावर हाय," सोहम खाली पाहून म्हणला. "मले काय होतं?"

"सीट तुले मी न मांगता देल्ली होती बे."

गजेंद्रनं कँपवाल्याले फोन लावला, स्पीकर चालू केला. सोहमनं सगळं कबूल केलं. कँपवाल्यानं प्रेरणाले परत कामावर बोलावलं, तरी ती हसली नाही.

सोहमनं गजेंद्रचा हात धरला. बस ना गजा, चहा पिऊ म्हणला.

गजेंद्रनं हात सोडवला.

"मले निघा लागते आता."